खारट लोणी

वीब्रेन बोलायचा कमी.
पहिल्याच दिवशी शिडीनं वर नेलं त्यानं,
पवनचक्कीच्या टोपीत, जिथं ओकचा जाडजूड आस
निळ्या दगडाच्या उशीवर मान टेकून होता.
मानेभोवती बिडाचं कडं.
"बीड आणि दगड. दोघेही हेकट," तो म्हणाला,
"मध्ये डुक्कर घालावं लागतं."
आणि ओंजळभर चरबी चोपडली,
बाळंतिणीच्या पाठीला लावावी इतक्या निगुतीनं.

दात्यांना मात्र मेण.
लाकूड लाकडावर घासतं तिथं चरबी मुरते आत,
धूळ धरते, चिखल होतो तिचा.
मेण वरच राहतं. जरा आढ्यतेखोर, पण कामाचं.
तळाच्या खुंटीखाली एक काळपट लाकूड बसवलेलं,
कधीकाळी जहाजातून आलेलं,
पाण्यात टाकलं तर दगडासारखं बुडणारं,
स्वतःच्याच राळेनं कायम ओलसर.
"ह्याला काही लावू नकोस. ह्याचं हे बघून घेतं."

मग ब्रेक. मोठ्या चाकाच्या कडेला
मिठी मारून बसलेले वाळुंजाचे ठोकळे,
मऊ लाकूड, म्हणून पकड घट्ट.
"इथं नुसतं बोट पुसलंस तरी..."
वाक्य त्यानं पुरं केलं नाही.
मी वहीत लिहिलं : इथं कोरडं.
खाली दोन रेघा.

नोव्हेंबरात चरबी मीच लावली.
मानेला दुप्पट. हात सैल सोडून,
प्रेम जास्त झालं की काय बिघडतं, अशा समजुतीत.
टोपी ज्या कडीवर सरकते तिच्यापर्यंत आले
तेव्हा डबा खरवडून झाला होता.
उद्या, म्हटलं.

उद्याच्या आधी वारा आला.
नैऋत्येकडून, फ्रीसलंडच्या सपाट कुरणांवरून,
अडवायला एक टेकाड नाही.
मध्यरात्री वीब्रेननं ब्रेक टाकला
आणि चाक थांबलं नाही.
मानेतून ओघळलेली माझी चरबी
कडेवर पसरली होती, आरशासारखी.
ठोकळे धरत होते, आणि धरत नव्हते.
मग धूर. मग अंधारात
एक ठिणगी, दुसरी, मी मोजणं सोडून दिलं.

"टोपी वळव! वाऱ्याच्या तोंडातून बाहेर काढ!"
आम्ही रहाटाला लटकलो, तो, मी,
शेजारचा पंधरा वर्षांचा टायेड.
टोपी हलेना.
कोरडं लाकूड कोरड्या लाकडावर रुतलं होतं,
भाऊबंदकीतल्या दोन घरांसारखं.
जिथं नको तिथं बुळबुळीत,
जिथं हवं तिथं खडखडीत,
आणि दोन्ही माझ्याच हातानं.

आउक्ये स्वयंपाकघरातून आली,
अंगात नाइटगाउन, पायात लाकडी जोडे,
दोन्ही काखांत लोण्याचे पांढरे कागदी गठ्ठे.
काही विचारलं नाही तिनं. वर चढली,
मी मागोमाग, आणि गुडघ्यावर बसून
आम्ही दोघींनी ती अख्खी कडी माखली,
हिवाळ्याची बेगमी, खारट, हातात वितळणारी,
बोटांच्या चिरांत झोंबणारी.
खालून वीब्रेन ओरडला, ओढा.

टोपी आधी कण्हली.
मग वीतभर. मग हातभर.
मग पाती वाऱ्याकडून तोंड फिरवून
हळूहळू दमली, आणि ठोकळ्यांना
चाक एकदाचं सापडलं.

पहाटे वर जळक्या वाळुंजाचा वास होता
आणि बिस्किटाच्या भट्टीचा.
वीब्रेन चाकाची कड राखेनं घासत होता.
मी फडकं घेऊन शेजारी बसले.
"वही आण," तो म्हणाला.
आणली. त्यानं माझ्या दोन रेघांखाली
काळ्या अंगठ्यानं तिसरी ओढली.

न्याहारीला राईचा पाव होता, कालचा.
चौघं चावत बसलो, मान खाली घालून.
टायेडला ठसका लागला.
आउक्येनं त्याच्याकडे दूध सरकवलं
आणि माझ्याकडे बघत म्हणाली,
"आज सगळ्यांनी कोरडंच गिळायचं."