धोंडा

ओहायोतल्या त्या शाळेपुढे एक धोंडा आहे.
दर जूनमध्ये बारावीची पोरं रात्री येऊन
त्याला रंग फासतात, आपलं साल लिहितात
आणि शेरिफची गाडी दिसली की
घाबरल्यासारखं पळतात.

शेरिफनंही एका जूनमध्ये तो रंगवलाय.

सकाळी शिपाई एमिल हुदाक
रिकामे डबे उचलतो,
निळं झालेलं गवत कापतो.

यंदाच्या थंडीत एक ढलपा सुटला,
तळहाताएवढा. त्यानं कड उजेडात धरली:
निळा, पिवळा, पुन्हा निळा,
एका वर्षाचा लाजरा गुलाबी,
आणि पार खाली एकोणसत्तरचा हिरवा.
त्यातली तीन पोरं हिरव्याच कपड्यांत गेली.
एक परत आला.

हिरव्यावर पांढरा. तो हात एमिलचा,
पुढच्याच जूनचा.
रेचं नाव नेमकं कुठे होतं
हे ब्रश फिरून गेल्यावर आठवलं.

त्यानं ढलपा डिंक लावून
होता तिथेच बसवला, अंगठ्यानं दाबून धरला.
बसची वाट पाहणारी एक मुलगी म्हणाली,
"आतला दगड कुठल्या रंगाचा आहे हो?"

"काय माहीत," एमिल म्हणाला,
"मी पहिलीत आलो
तेव्हाही रंगवलेलाच होता."