ऐंशी शब्द

सादोवाच्या अलीकडे त्या सकाळी धुकं असं
की तोफा आधी ऐकू आल्या,
टेकडी नंतर दिसली.
कोटांना फासलेली पांढरी माती पावसानं विरघळून
विजारींवरून बुटांत उतरत होती.
इमरिख हलादा म्हणाला, "पीठ भिजलं, आता मळायचं तेवढं राहिलं."
हसलो. पोटात कालपासून काही नव्हतं.

मी कंपनीचा कारकून.
एकशे अठ्ठ्याण्णव नावं माझ्या वहीत:
स्लोव्हाक, रुसिन, थोडे माग्यार,
गाव, धंदा, बुटाचं माप.
हुकूम जर्मनमध्ये. आम्हाला ऐंशी शब्द शिकवले होते.
त्यात 'संगीन लावा' होतं, 'छाती पुढे, हनुवटी वर' होतं.
'आडवे व्हा' नव्हतं.

रानात शिरलो. झाडं आमच्याकडचीच, ओक आणि बीच,
फक्त हिरव्या फांद्या वरून कोसळत होत्या.
प्रशियन दिसेनात. मुळांमागून, जमिनीलगत धूर निघे
आणि आमच्यातला एक कमी होई.
ते निजून बंदूक भरत होते,
मागच्या बाजूनं, चुलीत लाकूड सारावं तशी.
आमची ठासणीची. उभं राहून
काडतूस दातांनी फाड, दारू ओत, गोळी घाल,
गज उपस, ठास, टोपी चढव, नेम धर.
आमची एक सुटेतो त्यांच्या चार.

हलादा मूळचा तारवाला. पाठीवर तारेची वेटोळी घेऊन
गावोगाव हिंडायचा, तडकलेली मडकी
तारेच्या जाळीत आवळून द्यायचा.
गळलं तर पैसे परत.
त्या दिवशी घाईत गज नळीतच राहिला
आणि त्यानं बार उडवला.
गज शीळ घालत झाडांत गेला.
मग तो निकामी बंदूक धरून उभा,
छाती पुढे, हनुवटी वर.

मी म्हणालो, "इमरो, खाली बस."
आपल्या भाषेत म्हणालो.
त्याला ऐकू आलं. त्यानं मान वळवली,
कप्तानाकडे पाहिलं, परवानगी आहे का म्हणून.
कप्तान खोडाला टेकून बसला होता, टोपी मांडीवर,
केव्हाचा गेलेला.

पुढचं सलग आठवत नाही.

संध्याकाळी नदीकाठी मी हजेरी घेतली.
नाव वाचायचं, थांबायचं.
किती थांबायचं, हे कुठल्या नियमात नव्हतं.
पहिल्या नावांना मी दहापर्यंत मोजलं,
मग पाचपर्यंत,
मग श्वास घेण्यापुरतं.
एकसष्टांनी ओ दिली.
एकानं दोनदा, दुसऱ्यांदा भावासाठी.
मी खूण केली नाही. त्याला ते दिसलं.

वही भिजून सुटली होती.
हलादाची झोळी कुणीतरी आणली होती, तो नव्हता.
आत हातभर तार.
तिनं पानं शिवली, वेडीवाकडी.

आता शाई पसरून गावं पुसली.
बायको म्हणते, चुलीत घाल.
तार गंजलीय, बोटाला लागते.
एका पानावर एवढंच वाचता येतं:
बूट, नऊ. धंदा, तारवाला.