शेऱ्याचा रकाना

पासो देल सेद्रोच्या पाणीपुरवठा केंद्रात
एकतीस वर्षं मी पाणी तपासते.
पहाटे चारला पहिला नमुना.
नळीत चिमूटभर पूड टाकायची; क्लोरीन असेल
तर पाणी लाजल्यासारखं गुलाबी होतं.
इथे लाजणारं तेवढंच.

संचालक निवडणुकीबरोबर येतात,
निवडणुकीबरोबर जातात. खुर्चीची गादी तीच.

वॉशिंग्टन एचेवेरी इंजिनिअर होता.
पंपाला नुसता कान लावून सांगायचा,
तिसरं बेअरिंग या आठवड्यात जाणार.
जायचंच.
तुरटीच्या पोत्यावर छापलेलं पंचवीस किलो, आत वीस.
मधल्या पाच किलोंतून टेकडीवर त्याचं घर उभं राहिलं,
निळ्या फरशीच्या तलावासकट.
पण त्याच्या काळात पाण्याने
गावातलं एक पोर आजारी पडलं नाही.
किती खाल्लं तरी पाणी पाणीच राहतं
हे त्याला ग्रॅममध्ये ठाऊक होतं.

मग लोकांना स्वच्छ माणूस हवासा झाला.
नव्या महापौरांनी इल्दो तेचेराला बसवलं.
शाळेत गाणं शिकवायचा,
प्रचारात रात्री जागून पोस्टरं चिकटवलेली.
नाताळात तुरटीवाल्याने पाठवलेला केक
सायकलवरून स्वतः परत देऊन आला,
वर पावती मागून घेतली.
पहिल्याच दिवशी म्हणाला, निबियाबाई,
मला यातलं काही कळत नाही, शिकवाल?
एकतीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मी शिकवलं. झडपांची नावं त्याने
सरगमेसारखी पाठ केली,
चढती, उतरती.

एप्रिलात नदी चढली.
त्या रात्री मी घरी गेलेच नाही.
तीन चाळीसला गाळणीतून आलेल्या पाण्याचा गढूळपणा अडतीस.
एकावर गेला तरी आम्ही अस्वस्थ होतो.
मी त्याला उठवलं. तो आला, पायजम्यावर कोट,
झडपेसमोर उभा राहिला, हात अर्धा उचलून,
सूर सापडत नसल्यासारखा.
बंद केली तर रुग्णालय कोरडं पडेल, म्हणाला.
महापौरांना विचारतो.

महापौरांचा फोन आठला लागला.
तोवर तपकिरी पाणी टाक्यांत, किटल्यांत,
बाळांच्या बाटल्यांत.

सत्तेचाळीस मुलं.
तो प्रत्येकाच्या घरी गेला, यादी हातात धरून.
सातव्या घरी एका बापाने कानाखाली मारली.
त्याने पडलेली टोपी उचलली,
झटकली,
आठव्या घराची बेल वाजवली.

गुत्त्यात बोलणं सुरू झालं: आपला चोरच बरा होता.
टेकडीवर एचेवेरी पोहत होता.

चौकशी समितीत तिघे होते, तिघांपुढे बाटलीबंद पाणी.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,
एक सदस्य म्हणाले.
पोहऱ्याकडे बघून म्हणाले.
मला विचारलं, या दोघांत तुम्ही कुणाला ठेवलं असतं?
मी म्हटलं, दोघांना जोडून एक माणूस
करता येतो का बघा.
ते हसले. मी विनोद केला नव्हता.

मग त्यांनी नोंदवही उघडली.
३:४०. गढूळपणा ३८. सही, नि. बेन्तानकूर.
शेरा: संचालकांना कळवले.
अक्षर सुरेख आलं होतं.
नोंद चोख, म्हणाले, आणि पान उलटलं.

झडपेचं चाक माझ्या टेबलापासून अकरा पावलांवर आहे.
त्याला तेल मीच घालते, दर पंधरवड्याला.
एका हाताने फिरतं.
हे कुणी विचारलं नाही,
आणि विचारल्याशिवाय न सांगायची मला सवय आहे,
ती काही कुणी नेमणूकपत्रातून दिलेली नाही.

सोमवारी नवी संचालिका येते आहे.
कुणाची कोण, अजून कळलं नाही.
मी दोन पेले घासून ठेवलेत.
नवीन वहीही आखून झाली, पट्टी धरून:
वेळ, गढूळपणा, क्लोरीन, सही.
शेऱ्याचा रकाना या वेळी
इतका अरुंद ठेवलाय
की त्यात 'कळवले' मावणार नाही.