साडेसत्त्याण्णव मीटर

अर्धी मॅरेथॉन म्हणजे एकवीस किलोमीटर
आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर.

एकवीस मी विकले, पाचशेला एक,
वहीत रेघा आखून, शाळेच्या गाडीसाठी.
गाडीला रॅम्प नाही. शौकतभाई वाकतात,
एकेका मुलाला खुर्चीसकट आत ठेवतात.
तन्मयी मागच्या दिवाळीत चोवीस किलो होती,
आता एकतीस.
मूल वाढतंय, याची तक्रार कुठे करायची?
शौकतभाई करत नाहीत.
फक्त दार लावून झालं की
दाराला टेकून थोडा वेळ खाडीकडे बघतात.

पहिला किलोमीटर तुर्भ्याच्या मनसुखशेठनी घेतला,
बटाट्याच्या गोणीवरून न उठता: बोहनी आमची.
चौथा दातांच्या डॉक्टरने.
अठरावा वहिनीने, दोन हप्त्यांत,
दुसरा हप्ता अजून यायचाय.
तेरावा कुणी घेईना.
शेवटी धारपकाका म्हणाले, लिही माझ्या नावावर,
माझ्या घरी होऊन गेलाय एक,
आता काय घाबरायचं.

वरचे मीटर कुणाला विकायचे
हे माझ्या डोक्यातही नव्हतं.
दिवाळ्याच्या मासळीबाजारात हौशीबायने विचारलं,
"समदा इकला? वरचा काय ऱ्हायला का?"
राहिलाय, म्हटलं, एवढासा.
तिने कमरेची पिशवी सोडली,
वीसची ओली नोट वहीवर ठेवली.
"त्यो माजा."
वहीच्या त्या पानाला अजून वास आहे.

जानेवारीतला रविवार, पामबीच रोड, सोळा अंश.
नाशिकचे लोक हसतील, पण आमचे दात वाजत होते.
तिवरांच्या पलीकडे चिखलात रोहित पक्षी
एका पायावर उभे.
त्यांना बरं, एक पाय शिल्लक ठेवता येतो.

ज्याचा किलोमीटर त्याचं नाव घेत पळाले.
मनसुखशेठ स्वस्तात गेले, दम ताजा होता.
डॉक्टरांच्या वेळी दात आवळले, सवयीने.
तेराव्यात जरा हळू झाले.
धारपकाकू गॅलरीत बसून वाटाणे सोलायच्या,
खालून जाणाऱ्या पोराच्या डोक्यावर
एखादा नेमका टाकायच्या
आणि मग समोरच्या बिल्डिंगकडे बघत बसायच्या.
किलोमीटर कधी संपला कळलं नाही.
अठराव्यात पोटरीत गोळा आला.
अर्धा पळाले, अर्धा लंगडले:
पैसेही अर्धेच आले होते.

एकविसाचा फलक मागे पडला.
पुढे कमान, ढोल, फुगे,
माइकवर कुणीतरी माझा नंबर चुकीचा वाचत होतं.
आणि पाय म्हणाले, बास.
मी चालत गेले.
हौशीबायचा तुकडा, सगळ्यात लहान,
सगळा चालत.

दुपारी बाजारात गेले. रविवार, तिचा धंदा जोरात,
तिला कुठला वेळ शर्यत बघायला.
बोंबील साफ करता करता म्हणाली,
"झाला का माजा?"
झाला. म्हणजे, चालत गेले गं.
सुरी थांबली.
"चालत त मी रोज येतंय, डोईवर पाटी घेऊन.
तवऱ्याला कोन पैशे देतंय मना?
माजे पैशे पलाचे व्हते."

बाजूच्या बायका हसल्या. ती हसली नाही.
बर्फाच्या गाडीपासून रिक्षा स्टँडपर्यंत
तिने सुरीनेच दाखवलं: तवरा.

मग मी पळाले.
साडी नव्हती, पण चपला होत्या, ओली फरशी होती,
बोंबलाची पिशवी गुडघ्यावर आपटत होती,
एका माणसाने कोळंबीचं टोपलं मागे ओढून वाट दिली,
पोटरी आईवरून शिव्या देत होती,
आणि स्टँडच्या खांबाला हात लावणार
तेवढ्यात मागून, अख्ख्या बाजारावरून,
तिचा आवाज:

"थोरा ऱ्हायला अजून!"