बारदान

कळमन्यात, काटा नंबर तीनवर
मिरचीचं पोतं चढतं
आणि पावतीवर सातशे ग्रॅम जास्त उमटतात.
दर पोत्याला सातशे. बारदानाचे.

बारदान मी वजा केलं होतं.
पायथनमध्ये, चार ओळींत,
जुन्या काट्याची लेक म्हणून जिला जन्म दिला, तिच्यात.
तिला विचारा, ती बरोबर सांगते :
एकोणचाळीस किलो तीनशे.
पण पावती छापतो तो म्हातारा सी प्लस प्लस,
हेडाऊ साहेबांनी दोन हजार चारमध्ये लिहिलेला,
आणि तो वजन विचारताना
पुलापलीकडं बघतच नाही.
स्वतःलाच विचारतो,
स्वतःच सांगतो : चाळीस.

एप्रिलअखेर, दुपारचे अडीच.
कुलरचा वाळा कोरडा,
हवेत इतकी मिरची की स्क्रीनसुद्धा शिंकेल.
मुनीम म्हणतो, मॅडम,
तुमचं मशीन खोटं बोलून राहिलं.

खोटं नाही, भाऊ.
त्याला पोरगी झाल्याचं
कोणी कळवलंच नाही.

हेडाऊ साहेबांना फोन लावला.
ते जेवत होते. म्हणाले,
तेव्हा कोणाला वाटलं होतं
याच्यापुढं कोणी येईल म्हणून.

तेवढ्यात मुनीम ओरडला :
फागूराम! एकशे बारा!
फागूराम सहा वर्षांपूर्वीच दुर्गला गेला, तिथंच वारला.
आला तिलक, त्याचा पोरगा.
बिल्ला बापाचा, रजिस्टरात नाव बापाचं.
बाप म्हणे उजव्या खांद्यावर घ्यायचा,
हा डाव्या घेतो, अन् आकडा दातात धरतो.
कोणी थांबलं नाही, कोणी दचकलं नाही.
हाक बापाला,
खांदा पोराचा.

मी परत फाइल उघडली.
जुन्या 'वजन'च्या आधी एकच शब्द घातला, व्हर्च्युअल,
आणि पुलावर एक चौकीदार बसवला
जो दर हाकेला आधी विचारेल :
पलीकडं कोणी आहे का?
शब्दाला अर्धा मिनिट लागला.
पूल पुन्हा बांधायला पाऊणेतीन तास,
त्यात दोनदा लाइट गेली.

सहा वाजता पावती निघाली.
एकोणचाळीस तीनशे.
मुनीमानं चष्मा वर करून दोनदा वाचली,
म्हणाला, हौ.

तिलक दाराशी उभा होता,
गमछानं मान पुसत.
मॅडम, मशीन सुधर गई?
हौ.
तो जरा थांबला.
तो रजिस्टर में भी
मेरा नाम आ जाएगा क्या?

मी लॅपटॉप मिटला.
रजिस्टर कापडी पुठ्ठ्याचं होतं,
गल्ल्याखाली, मुनीमाच्या मांडीजवळ.
तिथवर
माझा पूल जात नव्हता.