एकशेवीस मीटर

पाण्याच्या टाकीपासून कोल्ड स्टोरेजच्या गेटापर्यंत
आठशे मीटर.
दस्तगीरनं मोजून दिलं, त्याच्या गाडीवर,
मी मागं बसून काटा बघत होतो.
जाऊन-येऊन सोळाशे. मिल्ट्रीच्या भरतीला लागतात तेवढे.

पहिल्या दिवशी सात मिनिटं बावन्न.
परत येऊन टाकीला टेकलो ते तिथंच बसलो,
तोंडात दहाचं नाणं चघळल्यासारखी चव.
बूट चुलतभावाचे, नऊ नंबरचे,
पुढं चिंध्यांचे बोळे.
पोटऱ्या अशा धरल्या
की शेडच्या सहा पायऱ्या मी पाठमोरा उतरलो.
बेदाणा निवडणाऱ्या बायका हसल्या,
त्यात आईपण होती.
रात्री तिनं ओंजळभर काळा माल पुढं केला.
"ह्याला भाव नसतो. ताकद तीच असती."

खरमाटे सुभेदार टाकीखाली खुर्ची टाकून बसतात.
एक गुडघा कुठल्याशा बर्फात ठेवून आलेत.
मफलर, मोबाइल,
आणि शिकवणं एवढंच :
"पहिले दोनशे पळू नको. जा नुसता."
मला हे कळायला तीन आठवडे लागले.

सहा चाळीस.
सहा वीस.
परत सहा एकतीस,
कारण आदल्या रात्री मणेराजुरीहून द्राक्षाची गाडी उशिरा आली
आणि दीडपर्यंत मी पेट्या उतरवत होतो.
मग एका सकाळी, का कोण जाणे,
श्वासाचं आणि पायांचं आपापसात मिटलं.
पाच अठ्ठावीस!
पाच तीसच्या आत.
दस्तगीरनं भडंग आणलं,
पेपर पसरून तिघांनी खाल्लं.
सुभेदारांनी मिरच्या वेचून कडेला ठेवल्या,
रांगेत.

मंगळवारी पाइपलाइनवाले आले.
एक पोरगा टेप ओढत, एक चुन्यानं आकडे टाकत.
टाकीपाशी शून्य.
दुसऱ्या दिवशी मी आकड्यांच्या कडेकडेनं पळत गेलो,
शंभर, दोनशे, चारशे,
बरं वाटत होतं, कुणीतरी रस्ता वाचून दाखवत असल्यासारखं.
गेटासमोर लिहिलेलं : ७४०.

थांबलो. पायानं चुना थोडा पुसून बघितला.
दोन्हीकडून चौदाशे ऐंशी.

दस्तगीर म्हणाला, "काटा पहिल्यापासनं बढाईखोर हाय.
ॲव्हरेजबी असंच दाखवतो."
आणि दिवसभर माझ्या डोळ्याला डोळा देईना.
मी घरी सांगितलं नाही.
आईनं शेडमध्ये सगळ्यांना सांगून झालेलं होतं.
सुभेदार खुर्चीतून उठले नाहीत.
"हितं तुला गाव ओळखतं. तिथं मैदानात फक्त टेप असती.
वळायची जागा साठ मीटर पुढं ने."

साठ मीटर पुढं म्हणजे चढ.
चढावर शेवंताकाकूचं दार,
तिची म्हैस, तिचं एक कान तुटलेलं कुत्रं,
तोंडात मिश्रीचं बोट.
आजवर ती लांबनंच ओरडायची,
"कुणी मागं लागलंय का रं?"
आता रोज तिच्या अंगणातल्या दगडाला शिवून वळायचं.

सहा सात.

गेट आलं की पायांना वाटतं झालं, सुटलो.
त्यांना ती सवय मीच लावलीय, पन्नास दिवस.
गेट ओलांडताना ते दचकतात,
मालकाकडं बघितल्यासारखं माझ्याकडं बघतात.
सोळाशेतले पंधराशे मीटर मी कसेही पळेन,
पण हे साठ वर नि साठ खाली,
हे अजून माझे नाहीत.

भरतीला सव्वीस दिवस.
काल पाच एकोणचाळीस. नऊ सेकंद राहिले :
चप्पल शोधायला लागतात तेवढे.

आज अंधार जरा जास्तच होता.
कुत्रं भुंकलं नाही, नुसतं उठून बाजूला झालं.
काकू धार काढत होती. मान न वळवता म्हणाली,
"काल तू आलास तवा बादली भरलेली.
आज निम्मीच हाय बघ."

तिला उठायला उशीर झाला असेल, कुणास ठाऊक.
मी दगडाला हात लावला,
दगड गार,
आणि वळलो.