मार्चपर्यंतचं रबर

हेस्टर पॅटिन्सन गाडी ढकलतच आत आणते.
संध्याकाळचे पाच, नोव्हेंबर, म्हणजे काळोखच.
आल्स्टनला या दिवसांत
दुपार नीट बसतही नाही, तोवर उठून जाते.

मी गुडघे टेकतो. उजवा कुरकुरतो.
मागच्या टायरवरून अंगठा फिरवतो, डोळे मिटून,
असंच वाचतो मी, चाळीस वर्षं.
मधला पट्टा सपाट, लाटणं फिरल्यासारखा.
ते माहीत होतं : घर, शाळेचं स्वयंपाकघर, घर.
पण उजवी कड पार खाल्ली गेलीय
आणि डावीकडे अजून
कारखान्यातले रबरी केस तसेच उभे.

आमच्या गावात गोल चौक नाही.
इतक्या वेळा, इतकं उजवीकडे झुकायला
ब्रॅम्प्टन ओलांडून
शहरात शिरावं लागतं.

"कार्लाइल?"
"आठवड्यातून चारदा. रॉली तिथे आहे."
रॉली, तिचा भाऊ. गाडी मुळात त्याची.
मी किटली लावतो. दुसरं काय करणार.

दोन टायर खाली काढतो.
हा कडक. बारा हजार मैल, डोळे झाकून.
पण पारा चारच्या खाली गेला
की शिळ्या पावासारखा होतो,
आणि रस्ता ओला, त्यावर मीठ,
त्यावर कुणाच्यातरी ट्रॅक्टरनं सांडलेलं शेण,
पांढऱ्या पट्ट्या साबणासारख्या,
हॉलबँकगेटच्या वळणावर मेंढी, ती तर असतेच.
हा मऊ. याच्यात वाळूचं काहीतरी मिसळतात,
दोन मैलांत जागा होतो,
खाचांतून पाणी बाजूला सारतो.
चार हजार, फार तर.
काळ्या बर्फावर मात्र दोन्ही सारखेच, हेही सांगून ठेवतो.

"रॉली म्हणतो कडकच घे.
म्हणतो, दोन हिवाळे निघतील,
पुढच्या वर्षी तुझ्या पैशाच्या टायरवर
मीच फिरणार."
ती हसते. हसताना हेल्मेटची पट्टी
बोटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते.

मी दुकानदार आहे, डॉक्टर नाही.
तरी एक प्रश्न मला विचारावाच लागतो,
सगळ्यांनाच विचारतो,
त्यात काही नसतं एरवी :
"किती दिवस चालायला हवा?"

किटली उकळते, बंद पडते.
"मार्चपर्यंत," ती म्हणते.
"डॉक्टर मार्च म्हणतात."

मग आम्ही दोघं खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडतो.
जाऊन येऊन साठ मैल. चारदा, दोनशे चाळीस.
सतरा आठवडे.
माझी पेन्सिल मोडते, ती तिची देते,
शाळेतली, टोकाला चावलेली.
चार हजार ऐंशी.

"ऐंशी कमी पडतात," ती म्हणते.
"सावकाश गेलीस तर पुरतील," मी म्हणतो,
आणि लगेच वाटतं, हे काय बोललो.

ती बराच वेळ कडक टायरला हात लावून उभी राहते.
मऊ बसवतो.
कड सोडवताना लोखंड निसटतं, शिवी देतो,
हवा भरतो, गार असतानाच मोजतो,
रबरावरचा रंगीत कागद ती स्वतःच नखानं काढते.
"पावतीवर नाव घालू नका," म्हणते.
"रॉली पाहील. त्याला बारा हजारवालाच सांगणार आहे."

पावतीवर मी फक्त लिहितो : टायर, एक.

"पहिले शंभर मैल जपून.
नव्यावर साच्याचं मेण असतं, घसरतो."
"शंभर," ती म्हणते, जणू
त्यातलेही कुठून वाचवता येतील का बघतेय.

लाल दिवा चढावर जातो, वळतो.
तिचा जुना टायर मी ढिगावर टाकतो.
शनिवारी आयरेडेलचा मुलगा येऊन नेईल,
चाऱ्याच्या ताडपत्रीवर ठेवायला,
वाऱ्यानं उडू नये म्हणून.
चहा तसाच राहिला दोघांचा.
पेन्सिल माझ्याकडेच राहिली.